‘देअर इज’ रशियनमधूनच शिकवा

रशियन भाषकांना इंग्रजी शिकवणाऱ्यांमध्ये एक वाद वर्षानुवर्षं चालू आहे आणि दोन्ही बाजू तो चुकीच्या मुद्द्यांवर लढत आहेत. वाद वरवर अगदी लहान गोष्टीचा आहे. ‘देअर इज’, ‘देअर आर’ने सुरू होणारी वाक्यं, म्हणजे कुठेतरी काहीतरी आहे एवढंच सांगणारी अस्तित्ववाचक वाक्यं, रशियन विद्यार्थ्याला कशी शिकवायची? एक पक्ष म्हणतो, नियम पाठ करून घ्या, भाषांतराचा भरपूर सराव द्या, सवय होईल. दुसरा म्हणतो, वर्गात रशियनचा शब्दही काढू नका, चित्रं दाखवा, बोलतं करा, कानावर पडून आपोआप येईल. पहिल्याला दुसरा उथळ वाटतो आणि दुसऱ्याला पहिला जुनाट. मला दोघांचंही पटत नाही, कारण दोघंही एकच गोष्ट गृहीत धरतात: ही रचना रशियन माणसाला सर्वस्वी नवी आहे. ती नवी नाही. या वाक्याचं काम तो दिवसभर रशियनमध्ये करत असतो, फक्त शब्दांच्या क्रमातून करतो. ते त्याला त्याच्याच भाषेत दाखवून द्यावं आणि मग इंग्रजीत तेच काम कशाने होतं ते शिकवावं. शिवाय ते आर्टिकलच्या, म्हणजे ‘अ’ आणि ‘द’च्या धड्यातच शिकवावं. पुढे कधीतरी, वेगळ्या धड्यात नको.

मराठी वाचकाला हे समजायला सोपं आहे. ‘पुस्तक टेबलावर आहे’ आणि ‘टेबलावर पुस्तक आहे’ ही दोन वाक्यं आपण एकमेकांच्या जागी वापरत नाही. पहिल्यात पुस्तक दोघांनाही माहीत आहे, विचारणा त्याच्या जागेची आहे. दुसऱ्यात टेबल समोर आहे आणि पुस्तकाची बातमी नव्याने येते. रशियनमध्ये नेमकं हेच होतं. ‘क्नीगा ना स्तल्ये’ म्हणजे ते पुस्तक टेबलावर आहे आणि ‘ना स्तल्ये क्नीगा’ म्हणजे टेबलावर एक पुस्तक आहे. वर्तमानकाळात ‘आहे’ हे क्रियापदही लागत नाही. शब्द तेच, फक्त जागा बदलली की माहीत असलेलं पुस्तक नवं होतं. रशियनमध्ये आर्टिकल नाही असं आपण सतत ऐकतो आणि ते खरंच आहे, पण आर्टिकल जे काम करतं ते रशियनमध्ये होत नाही असा त्याचा अर्थ नाही. ‘मुलगा खोलीत आला’ आणि ‘खोलीत एक मुलगा आला’ यांतला फरक रशियन माणूस ‘मुलगा’ हा शब्द वाक्याच्या सुरुवातीला ठेवायचा की शेवटी, यावर सांभाळतो.

इंग्रजीला ही मोकळीक नाही. तिथे कर्त्याची जागा क्रियापदाच्या आधी ठरलेली, आणि वाक्याच्या सुरुवातीला ऐकणाऱ्याला माहीत असलेली गोष्ट यावी अशी तिचीही ओढ असते. मग अगदी नवी गोष्ट सांगायची झाली तर कर्त्याच्या जागी बसवायचं काय? इंग्रजी तिथे ‘देअर’ ठेवते, नव्या गोष्टीला क्रियापदाच्या मागे नेते आणि तिला ‘अ’ लावते. ‘देअर इज अ बुक ऑन द टेबल.’ रशियन वाक्यातला शेवटचा शब्द इंग्रजीत मधे येतो, पण दोन्ही भाषांचा हेतू एकच असतो: नवी गोष्ट वाक्याच्या तोंडाशी येऊ द्यायची नाही.

आता पहिल्या पक्षाकडे येऊ. रशियातल्या शाळांत आणि संस्थांत ही रचना ‘अबारोत’, म्हणजे एक खास वाक्प्रयोग, म्हणून शिकवतात आणि सोबत एक सल्ला हमखास देतात: असं वाक्य रशियनमध्ये आणताना शेवटून सुरुवात करा, आधी जागा सांगा, मग वस्तू. या सल्ल्याला नावं ठेवणं सोपं आहे, पण त्याने झालेलं काम नाकारता येणार नाही. सोव्हिएत काळात इंग्रजी बोलणारा माणूस भेटायची शक्यताच जवळपास नव्हती. त्या परिस्थितीत अशाच नियमांवर आणि भाषांतरावर वाढलेल्या कितीतरी लोकांनी इंग्रजीतलं विज्ञान आणि साहित्य अचूक वाचलं, उत्तम भाषांतरं केली. वाचणाऱ्याला हा सल्ला पुरतो.

बोलणाऱ्याला तो पुरत नाही. इंग्रजी वाक्य समोर असेल तर ते रशियनमध्ये कसं न्यायचं हे त्यातून कळतं. पण तोंडातून वाक्य निघण्याआधी ‘देअर इज’ घ्यायचं की ‘द बुक इज’, ही निवड कशावर करायची? त्याबद्दल सल्ला काहीच सांगत नाही. मग विद्यार्थी स्वतःच एक कुबडी शोधतो: रशियनमध्ये ‘येस्त’, म्हणजे ‘आहे’, आलं की ‘देअर इज’ घालायचं. ही कुबडी त्याला पाडते. रशियन माणूस ‘येस्त’ म्हणतो ते बहुतेक वेळा अस्तित्वाबद्दलच प्रश्न असतो तेव्हा: हॉटेलात पोहण्याचा तलाव आहे का, घरात मीठ आहे का. टेबलावर पुस्तक, भिंतीवर नकाशा, दारात पाहुणे असं समोर दिसणारं सांगताना तो ‘येस्त’ गाळतो. म्हणजे इंग्रजीत ‘देअर इज’ हवंच असतं अशा असंख्य ठिकाणी त्याच्या मनातल्या वाक्यात त्याची खूणच नसते. नकारात तर गोंधळ आणखी वाढतो. ‘न्येत’, म्हणजे ‘नाही’, आलं की नामाचं रूप बदलतं, ‘क्नीगा’चं ‘क्नीगी’ होतं. टेबलावर पुस्तकच नाही असं म्हणायचं असो की ते पुस्तक टेबलावर नाही असं, दोन्हीकडे ‘क्नीगी’ आणि ‘न्येत’ येतं. फरक उरतो तो पुन्हा क्रमाचाच. ज्याला क्रमाकडे पाहायला कुणी शिकवलंच नाही, तो ‘देअर इज नो बुक’ आणि ‘द बुक इज नॉट’ यांतून निवड कशी करणार?

दुसऱ्या पक्षाची बाजू अधिक भक्कम आहे आणि ती नीट मांडली पाहिजे. मॅक्सिमिलियन बर्लिट्झने १८७८ साली अमेरिकेत शाळा काढली तेव्हापासून ‘शिकायची भाषा त्याच भाषेतून शिका’ या पद्धतीने लाखो लोकांची जीभ सैल केली आहे. व्याकरणाचं व्याख्यान ऐकत तास निघून जातो आणि विद्यार्थ्याच्या तोंडून चार वाक्यंही निघत नाहीत, ही तक्रार खोटी नाही. मातृभाषेशी तुलना करून शिकवण्याचा प्रयोगही एकदा होऊन गेला आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट लाडोने १९५७ साली मांडलं होतं की दोन भाषा शेजारी ठेवल्या की विद्यार्थ्याला काय अवघड जाईल ते आधीच सांगता येतं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत शिक्षकांच्या लक्षात आलं की भाकीत केलेल्या कित्येक चुका होतच नाहीत आणि झालेल्या कित्येक चुकांचा मातृभाषेशी संबंध नसतो. १९६७ साली ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डरने चुकांकडे रोग म्हणून पाहू नका, शिकणाऱ्याच्या डोक्यात काय घडतंय त्याचा पुरावा म्हणून पाहा, असं सांगितलं आणि तुलनेचा जमाना ओसरला. मग मी पुन्हा त्याच शिळ्या कढीला ऊत का आणतो आहे?

कारण लाडोच्या विचाराचा पराभव झाला तो भाकिताच्या बाबतीत. समजावून सांगण्याच्या बाबतीत तुलना हरली असं कुणी दाखवलेलं नाही. आणि कॉर्डरचा सल्ला मनापासून मानला तर ‘इन द रूम इज टेबल’ हे वाक्य कशाचा पुरावा ठरतं? विद्यार्थ्याला जुनं आणि नवं यांतला फरक नेमका कळतो, तो फरक तो पाळतोही आहे, फक्त इंग्रजीत त्यासाठी काय वापरतात ते त्याला माहीत नाही, याचा. ही चूक म्हणजे अर्धी बरोबर केलेली गोष्ट आहे. चित्रं दाखवणारा शिक्षक ती लाल शाईने खोडतो किंवा बरोबर वाक्य पुन्हा उच्चारून दाखवतो. विद्यार्थ्याला एवढंच कळतं की आपलं चुकलं. आपलं काय बरोबर होतं हे त्याला कधीच कळत नाही.

ल्येव श्चेर्बा या रशियन भाषाशास्त्रज्ञाने या पक्षाला फार पूर्वी उत्तर दिलं आहे. श्चेर्बा १९४४ साली वारले, पण शाळेतल्या परकीय भाषांवर त्यांनी जे लिहून ठेवलं ते आजही लागू पडतं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: मातृभाषेला वर्गातून हाकलता येईल, विद्यार्थ्याच्या डोक्यातून हाकलता येणार नाही. परक्या देशात वाढणाऱ्या लहान मुलाची गोष्ट वेगळी, त्याच्या कानावर दिवसभर ती भाषा पडते. आठवड्याचे मोजके तास इंग्रजी भेटणाऱ्या मुलाच्या किंवा चाळिशीतल्या माणसाच्या डोक्यात तुलना चालूच राहते. प्रश्न फक्त ती तुलना शिक्षकाच्या मदतीने होते की चोरून, हा आहे.

गंमत नव्हे, खेदाची गोष्ट ही की या प्रश्नाचं उत्तर जवळपास शंभर वर्षांपूर्वीच सापडलं होतं, आणि तेही स्लाव्ह भाषा बोलणाऱ्या एका इंग्रजीच्या प्राध्यापकालाच. विलेम माथेसिउस प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात इंग्रजी शिकवत. १९२६ साली त्यांच्या पुढाकाराने प्रागचं भाषावैज्ञानिक मंडळ सुरू झालं. रशिया सोडून आलेले भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन आणि निकोलाय त्रुबेत्स्कोय याच मंडळात होते. चेकमध्येही आर्टिकल नाही, तिथेही शब्दांचा क्रम मोकळा. आपली भाषा आणि इंग्रजी शेजारी ठेवून पाहताना माथेसिउसना दिसलं की वाक्याची दोन प्रकारे फोड करता येते. एक व्याकरणाची, कर्ता आणि क्रियापद यांची. दुसरी सांगण्याची: बोलणं कशाबद्दल आहे आणि त्याबद्दल नवीन काय सांगितलं आहे. चेकमध्ये ही दुसरी फोड क्रम ठरवते, इंग्रजीत पहिली. या विषयावरचा त्यांचा प्रसिद्ध लेख १९३९चा आहे. पुढे रशियन व्याकरणकारांनी ही कल्पना उचलली आणि रशियन शब्दक्रमाच्या अभ्यासाचा पायाच केला. म्हणजे रशियनच्या विभागात ती शिकवली जाते, इंग्रजीच्या विभागातही भाषाविज्ञानाच्या पेपरला असते, आणि रशियात दुसरीपासून परकीय भाषा शिकणाऱ्या मुलाच्या वर्गात मात्र तिचा मागमूस नाही. असं का व्हावं? मला याचं एकच कारण दिसतं. शालेय व्याकरणाचे साचे एका भाषेवरून दुसऱ्या भाषेवर जसेच्या तसे ठेवले जातात आणि जिथे साचा बसत नाही तिथे ‘खास वाक्प्रयोग’ अशी चिठ्ठी लावून मोकळं होता येतं. इंग्रजीचं व्याकरण बराच काळ लॅटिनच्या साच्यात लिहिलं गेलं. १८३६ साली दादोबा पांडुरंगांनी मराठीचं व्याकरण रचलं तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता, आणि १९११ साली मोरो केशव दामल्यांना मराठीचा विचार नव्याने, मुळापासून करावा लागला.

मी गोव्यात पेडणे तालुक्यात रशियन भाषक प्रौढांना इंग्रजी शिकवतो. मोरजी, हरमल या भागात हिवाळ्यात रशियन बोलणारी पुष्कळ माणसं येऊन राहतात. रशियातली, युक्रेनमधली, कझाकस्तानातली. त्यांना इंग्रजी हवं असतं ते घरमालकाशी, दुकानदाराशी, डॉक्टरशी बोलायला. माझ्या वर्गातल्या एका बाईंनी एकदा घरमालकाला निरोप पाठवला: ‘डॉग इज इन किचन.’ मालकाचा स्वतःचा कुत्रा होता. त्याने उत्तर दिलं, काळजी करू नका, तो काही करत नाही, आपला आपण बाहेर येईल. स्वयंपाकघरात शिरली होती ती रस्त्यावरची, पिल्लांसकट आलेली कुत्री, आणि बाई दार लावून तासभर बाहेरच्या खोलीत बसून होत्या. वर्गात मी त्यांना एवढंच विचारलं, हेच नवऱ्याला रशियनमध्ये कसं सांगितलं असतं? त्या लगेच म्हणाल्या, ‘ना कूख्न्ये सबाका.’ स्वयंपाकघर आधी, कुत्रा शेवटी. इंग्रजीत वाक्याची सुरुवात कर्त्याने करायची हे त्यांना शाळेत पक्कं शिकवलं होतं, म्हणून त्यांनी कुत्र्याला ओढून पुढे आणलं होतं. नियम पाळला आणि अर्थ बदलला.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. आज जगात इंग्रजी बोलणाऱ्यांत जन्माने इंग्रजी असलेल्यांपेक्षा शिकून बोलणारे कितीतरी जास्त आहेत. एकमेकांचं एकमेकांना कळलं की झालं, मग ‘ऑन टेबल इज बुक’ म्हटल्याने काय बिघडतं? या आक्षेपाचा मोठा भाग मी मान्य करतो. ‘ऑन टेबल इज बुक’ कळतं. ‘देअर्स टू बुक्स’ तर लंडन-न्यूयॉर्कमधले लोकही बोलण्यात सर्रास म्हणतात, एकवचन-अनेकवचनावर विद्यार्थ्याचे गुण कापण्यात अर्थ नाही. एवढंच नव्हे, लिहिलेल्या इंग्रजीत जागा आधी आणि वस्तू नंतर अशी वाक्यं ‘देअर’शिवायही येतात, विशेषतः वर्णनात. पण मान्य करायचं ते इथपर्यंतच. ‘प्रॉब्लेम इज इन कॉन्ट्रॅक्ट’ असा निरोप पाठवणाऱ्याला करारात एक अडचण सापडली आहे की आधीपासून चर्चेत असलेल्या अडचणीचं मूळ करारात आहे? ऐकणारा दुसरा अर्थ घेणार, कारण माहीत असलेली गोष्ट आधी येते असंच इंग्रजी कानाला वाटतं. ‘मिस्टेक इज इन युअर रिपोर्ट’ या वाक्यात तर आरोपच दडलेला आहे: चूक झाली हे आपण दोघं जाणतोच, ती तुझ्याकडून झाली. बोलणाऱ्याला एवढंच म्हणायचं होतं की तुमच्या अहवालात एक चूक दिसते. चुकीचं व्याकरण क्षम्य आहे. पण बोलणारा नकळत भलतंच बोलून जातो आणि ऐकणाऱ्यालाही गैरसमज झाल्याचा पत्ता लागत नाही, तिथे ‘कळलं की झालं’ म्हणून कसं चालेल?

आणखी एक शंका अनुभवी शिक्षक काढतात आणि ती रास्त आहे. रशियनचा आधार द्यायला लागलात की विद्यार्थी रशियन सगळीकडे नेईल. नेतोच. ‘उ मिन्या येस्त’, म्हणजे ‘माझ्याकडे आहे’, ही रचनाही रशियनमध्ये अस्तित्वाचीच आहे, इंग्रजीत तिथे ‘आय हॅव’ लागतं. ‘खोलदना’ या एका शब्दात थंडी आहे हे सांगून होतं, इंग्रजीत तिथे ‘देअर’ नाही, ‘इट’ लागतं. हे दोन अपवाद वेगळे शिकवावे लागतील. शिवाय रशियन बोलताना आवाजाच्या चढउताराने क्रम उलटवता येतो. एखादा शब्द जोर देऊन आधी म्हटला तरी तो नवाच राहतो. म्हणून ‘शेवटचा शब्द म्हणजे नवा शब्द’ असा सरधोपट नियम बोलभाषेला लावता येत नाही. इंग्रजीतही ‘देअर’नंतर माहीत असलेलं नाम येतं अशी वाक्यं आहेत: आपल्याला कोण मदत करेल, असं विचारल्यावर नावं मोजून दाखवताना ‘देअर्स ईवान’ म्हणता येतं. म्हणून मी क्रमाचा नियम शिकवतच नाही. प्रश्न शिकवतो. तुझं वाक्य ‘टेबलावर काय आहे?’ याचं उत्तर आहे की ‘पुस्तक कुठे आहे?’ याचं? पहिल्याचं असेल तर ‘देअर इज’ आणि ‘अ’. दुसऱ्याचं असेल तर ‘द बुक’ने सुरुवात. हा प्रश्न विद्यार्थी मनातल्या मनात रशियनमध्ये विचारू शकतो, आणि त्याचं उत्तर द्यायला त्याला कधीच वेळ लागत नाही.

‘अ’ आणि ‘द’ एका महिन्यात, ‘देअर इज’ दुसऱ्या महिन्यात, हा पाठ्यपुस्तकांचा क्रम मला म्हणूनच नुकसानीचा वाटतो. रशियन विद्यार्थ्याला आर्टिकल आयुष्यभर छळतं असं सगळेच म्हणतात. त्याला ते नामाला चिकटलेलं एक अक्षर म्हणून शिकवल्यावर दुसरं काय होणार? अख्ख्या वाक्यात जुनं कुठे आणि नवं कुठे हे ठरवलं की आर्टिकल आणि ‘देअर’ दोन्ही एकदमच ठरतात. रशियन न येणारा शिक्षकही हे शिकवू शकतो. त्याला रशियन बोलावं लागणार नाही, दोन प्रश्न आणि दोन वाक्यं कळली तरी बस्स. इंग्लंड-अमेरिकेतून रशियात शिकवायला जाणाऱ्याने एवढी तयारी करावी ही अपेक्षा फार नाही.

आपल्याकडे हे उलट्या दिशेने लागू पडतं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि इतरत्र मराठी मुलं रशियन शिकतात, वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात जाणारी मुलं तिथे गेल्यावर शिकतात, आणि बहुतेकांच्या हातात इंग्रजीतून रशियन शिकवणारी पुस्तकं पडतात. त्यांना ‘उ मिन्या येस्त’ समजावलं जातं ‘आय हॅव’वरून. मग ती मुलं इंग्रजी धाटणीने ‘या इमेयू’, म्हणजे ‘आय हॅव’चं शब्दशः रशियन, म्हणू लागतात, आणि भाऊ, बहीण, वेळ असल्या रोजच्या गोष्टींबद्दल बोलताना रशियन माणसाच्या कानाला ते परकं वाटतं. ‘माझ्याकडे पुस्तक आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत’ असं जन्मापासून म्हणणाऱ्या मुलाला ‘हॅव’च्या वाटेने रशियनकडे न्यायची गरज काय? त्याला ‘टेबलावर पुस्तक’ आणि ‘पुस्तक टेबलावर’ यांतला फरकही कुणी शिकवावा लागत नाही. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर मराठी आणि रशियन वाक्यं एकाखाली एक लिहा आणि इंग्रजी पुस्तक नंतर उघडा.